बर्फाची खालची बाजू



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीने उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचे चित्र लावले होते. वर पांढरे अस्वल, खाली निळे पाणी. पण बर्फाची खालची बाजू तिने तपकिरी रंगवलेली. परीक्षक मीच होतो. "बर्फ असा मळका कसा गं?" असे म्हणून मी दोन गुण कमी केले. ती काही बोलली नाही. घरी येऊन वाचू लागलो, तर चूक माझीच निघाली.

समुद्रावरचा बर्फ म्हणजे अस्वलाला उभे राहायची जागा, एवढेच मला ठाऊक. मी शिकलो हिंदी माध्यमात. तिथे शैवाल म्हणजे तळ्यातली काई. ती बर्फाला कशी धरेल? पण धरते. खारे पाणी गोठताना बर्फात बारीक पोकळ्या राहतात. त्यांत आणि बर्फाच्या तळाशी सूक्ष्म शैवाल वाढते. वसंतात सूर्य परतला की बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर ते इतके माजते, की तळ तपकिरी दिसतो. उलटे टांगलेले शेतच म्हणा ना! त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव चरतात. त्यांना ध्रुवीय कॉड मासा खातो, कॉडला सील आणि सीलला अस्वल.

या शेताला वेळापत्रकही आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान असे कोपेपॉड नावाचे जीव तिथे असतात. त्यांच्या माद्या बर्फाखालचे शैवाल खाऊन अंडी घालतात, आणि पिल्ले मोठी होतात तोवर बर्फ सरून उघड्या पाण्यात दुसरे पीक येते. बर्फ लवकर वितळला तर दोन पिकांतले हे अंतर मोडते आणि पिल्ले उपाशी राहतात. उघडे पाणी वाढल्याने आर्क्टिकमध्ये शैवाल एकूण वाढलेच आहे, हेही खरे. पण वेळ चुकलेले जेवण भुकेल्याच्या काय कामाचे?

१९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये तिथे सरासरी सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ मध्ये जेमतेम ३४ लाख उरला. त्याच्या दक्षिणेला, अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात, २०१८ च्या हिवाळ्यात बर्फ फारच कमी धरला. एरवी त्या बर्फामुळे समुद्रतळाशी दोन अंशांखालचे गार पाणी साचते आणि हिमखेकड्यांची पिल्ले त्यात वाढतात. त्या वर्षी ते जवळजवळ नव्हतेच. पाणी कोमट झाले तशी खेकड्यांची भूक वाढली, अन्न मात्र पुरले नाही. काही वर्षांत सुमारे १००० कोटी खेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये त्यांची मासेमारी प्रथमच बंद ठेवावी लागली.

त्या मुलीला वर्गासमोर बोलावून दोन गुण परत दिले आणि खेकड्यांची हकीकत सांगितली. तिने चित्राकडे बघून विचारले, "सर, समुद्राचा तळ तर मी काढलाच नाही. खाली अजून एक कागद जोडू?"