पाच पीएसआय आणि एक थाप

तुम्ही म्हणाल, नागपूर आणि स्पीडबोट? काहीतरीच! इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपला पाण्याशी संबंध म्हणजे फुटाळ्यावर कणीस खात बसणं आणि एप्रिलपासून कूलरची टाकी भरणं. तरीही आमच्या मामांच्या अंगणात, आंब्याखाली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक बोट गेली कित्येक वर्षं उभी होती. पाहुणे विचारायचे, "हे काय हो?" मामी म्हणायची, "माझी सवत."

मामांनी ऐन उमेदीत एका तलावावर बोटिंगचा ठेका घेतला होता. त्यासाठी मुंबईहून सेकंडहँड स्पीडबोट आणली. ठेका गेला, पैसे गेले, बोट तेवढी घरी आली. त्याच पैशात दादाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं, पुण्याचं इंजिनिअरिंग बसत होतं. ते हुकलं. त्यानं इथेच डिप्लोमा केला आणि वाडीला ट्रकच्या गॅरेजमध्ये लागला. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. पण बापलेकांमध्ये 'जेवलास का' आणि 'गाडी नीट चालव' याच्या पलीकडे संवाद नाही. घराघरांत असतं असं.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट उजाडली. नागपूरकरांना ती तारीख सांगावी लागत नाही. रात्रीतून आभाळ फाटलं, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली. एनडीआरएफची माणसं रबरी बोटी घेऊन गल्ल्यांमधून फिरत होती. मामा त्या पहाटे ताडपत्री काढून बोटीत बसले आणि किल्ली फिरवत राहिले. इंजिन जाम होतं. ते नुसतं 'टक्' म्हणायचं.

"बाबा, गल्लीत ही बोट चाललीच नसती," दादा म्हणाला. "पंखा पहिल्याच मोटरसायकलला अडकला असता."

"माहीत आहे बे मला," मामा म्हणाले आणि रडले. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांना रडताना पाहिलं.

त्या दिवाळीत दादा मला म्हणाला, "इंजिन बांधू. पण नुसतं नाही. ब्लोअर बसवून."

आता थोडी टेक्निकल बडबड सहन करा. मी मास कॉमची पोरगी. मला जमलं म्हणजे तुम्हाला जमेल.

बोटीत मर्क्रुझरचं १४० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. चार सिलिंडर, तीन लिटर, जनरल मोटर्सचा बीडाचा ठोकळा. मजबूत, पण आळशी. दोन माणसं असली की पळतं. सहा बसवली की बोट पाणी कापत नाही, नांगरते. नाक वर, बूड खाली, आणि पाण्यावर उचलून यायचं नावच नाही. ताकद वाढवायला एक तर मोठं इंजिन आणा, म्हणजे चार-पाच लाखांना राम राम. नाहीतर आहे त्याच इंजिनाच्या घशात जास्त हवा कोंबा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा धमाका. ही हवा कोंबणारी वस्तू म्हणजे सुपरचार्जर. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो.

"ब्लोअर भट्टीला लावतात," मामा म्हणाले. आम्ही हसलो. नंतर वाचलं तर मामाच बरोबर! अमेरिकेतल्या रूट्स नावाच्या भावांनी १८६० मध्ये पेटंट घेतलं त्या यंत्राचं, आणि ते चाललं भट्ट्यांमध्ये आणि खाणींत हवा मारायला. इंजिनात हवा दाबून भरायची कल्पना गोटलीब डाइमलरची, १८८५ ची. पुढे १९३८ मध्ये जनरल मोटर्सनं टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली, त्यांना असाच ब्लोअर असायचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींमध्ये हीच इंजिनं होती. युद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या पोरांनी भंगारातल्या डिझेलचे ब्लोअर उचलून आपल्या गाड्यांवर चढवले. म्हणजे जुगाड हा काही फक्त आपला शब्द नाही.

आमचा जुगाड दिल्लीच्या मायापुरीतून आला. जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसरमधला ईटन कंपनीचा एम-६२ ब्लोअर, २७,००० रुपये. ६२ म्हणजे एका फेरीत ६२ घनइंच हवा, साधारण एक लिटर. आमचं तीन लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत तीन लिटर हवा पितं, म्हणजे एका फेरीत दीड. पुली अशी बसवायची की इंजिनाच्या एका फेरीत ब्लोअरच्या दोन होतील. दीड लिटरच्या जागेत दोन लिटर! इकडेतिकडे गळती धरून पाच पीएसआय जास्तीचा दाब मिळतो. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ असतो, त्यामानानं पाच म्हणजे फुंकरच. पण या फुंकरीवर कागदावर १४० चे १७५ हॉर्सपॉवर होतात.

बजेट होतं दीड लाख. नव्वद हजार दादाचे, साठ माझे. माझे साठ म्हणजे मुंबईत जाऊन भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायला ठेवलेले. 'सहा महिन्यांनी जाईन' असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. हिशेबाची वही माझ्याकडे. ब्लोअर २७,०००. पिस्टन, रिंगा, गॅस्केट अमेरिकेहून, कस्टम धरून ४६,०००. बोअरिंग आणि हेडचं काम १५,०००. हिंगणा एमआयडीसीत बनवून घेतलेला मॅनिफोल्ड आणि पट्टी १८,०००. कार्ब्युरेटरचं किट, पंप, पाइप १४,०००. पुली आणि बेल्ट ७,०००. ठिणगी बाहेर येऊ न देणारी जाळी आणि किरकोळ ६,०००. झाले १ लाख ३३ हजार. उरलेल्या सतरा हजारांचा मीटर घ्यायचा. सायलेन्सरकडच्या धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा मीटर.

आणि मग लक्षात आलं की ट्रेलरचे टायर कुजलेत आणि बॅटरी नाहीच. १६,००० रुपये! वही बंद. माझ्याकडे आणखी एक रुपया नव्हता. खरं सांगायचं तर होता, पण मुंबईच्या नावाचा शेवटचा. तो मी काढला नाही.

मी दादाला फोन केला. "मीटर आउट ऑफ स्टॉक आहे रे. दोन महिने तरी येत नाही म्हणतात."

थाप होती ती. दुकानात मीटर होता.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चालेल. प्लग काढून रंग बघत जाऊ."

पुढचे चार महिने मात्र मजेचे होते. रविवारी सकाळी तर्री पोहे बांधून घ्यायचे आणि मामांच्या अंगणात जायचं. मामा आधी लांब खुर्ची टाकून बसायचे. मग खुर्ची जवळ आली. मग एक दिवस स्टूलवर बसून ते स्वतः व्हॉल्व्ह घासत होते. बापलेक भांडायचे, पण आता विषय होता इग्निशनचा. दाब वाढला की ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, दर पीएसआयमागे साधारण एक डिग्री. दादा पाच म्हणायचा, मामा सहा. "सहा ठेव बे, म्हातारं इंजिन आहे." सहा ठेवली!

बोटीचं इंजिन कारसारखं नसतं हे मला तिथे कळलं. कार वेग घेतला की निवांत धावते. बोटीला मात्र सतत घाट चढल्यासारखं ओझं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाला साचते. म्हणून कारचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर इथे चालत नाही, एक ठिणगी आणि सगळं संपलं. चालू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून तळातली हवा बाहेर काढायची. या बाबतीत दादानं एक रुपया वाचवला नाही. बचत केली ती मी.

फेब्रुवारीत रामटेकच्या बाजूच्या एका तलावावर, रीतसर परवानगी काढून, लाइफ जॅकेट घालून पहिली ट्रायल. दादा चालवत होता, मामा शेजारी, मी मागे मोबाइलवर स्पीड बघत. पहिली तीन मिनिटं स्वप्नवत! चौथ्या मिनिटाला पांढरा धूर, एक खोकला, आणि शांतता. वल्ह्यानं परत आलो.

हेड उघडलं. तीन नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला मेणबत्तीसारखं वितळलेलं भोक. कारणही सरळ होतं. कार्ब्युरेटरचे जेट जुन्या काळच्या पेट्रोलच्या हिशेबाचे. आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरं, पण त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. त्यात वरून ब्लोअरची हवा. मिश्रण पातळ, उष्णता प्रचंड, सिलिंडरमध्ये डब्यात खडे वाजावेत तसे फटके बसतात. बोटीच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत. प्लगचा रंग बघायला बोट थांबवावी लागते, आणि थांबेपर्यंत खेळ खलास. मीटर असता तर पहिल्याच मिनिटाला आकडा दिसला असता.

मामांनी पिस्टन हातात घेतला. दादाकडे बघून म्हणाले, "तुझ्याच्यानं एक गोष्ट धड होत नाही."

दादा काही बोलला नाही. हात पुसले आणि निघून गेला. आणि मी? मीही काही बोलले नाही.

नऊ दिवस. रोज सकाळी वाटायचं, आज सांगते. रोज एखादी डेडलाइन पुढे यायची. मी पेपरात लोकांना प्रश्न विचारते, 'जबाबदारी कोणाची?' हा माझा आवडता प्रश्न! दादा रविवारी आला नाही. मामांनी ताडपत्री परत टाकली. दहाव्या दिवशी मामीनं सहज विचारलं, "तो मीटर मिळाला का गं शेवटी?" आणि मला रडू फुटलं.

दादाच्या गॅरेजला गेले, त्याला घेऊन मामांकडे आले आणि दोघांसमोर वही उघडून सांगितलं. मीटर होता. पैसेही होते. मी थाप मारली.

वाटलं होतं, आता बोलणी बसतील. दादा नुसता म्हणाला, "मला पण पुली घाईनं लावायची नव्हती. मीटरशिवाय फुल थ्रॉटल द्यायला नको होता, हे मला कळत होतं." मामा बराच वेळ आंब्याकडे बघत बसले. मग दादाला म्हणाले, "तेव्हा पुण्याचे पैसे या डबड्यात घातले. ते पण मी सांगितलं नव्हतं तुला. कॉलेजनं नाही म्हटलं, असं सांगितलं होतं."

म्हणजे घरात थाप मारणारी मी पहिली नव्हते. दादाला हे वर्षानुवर्षं माहीत होतं. तोही कधी बोलला नव्हता.

पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरचं काम २४,०००. मामीनं भिशीतून दिले. मीटर मी घेतला, मुंबईच्या शेवटच्या पैशांतून. त्याचा सेन्सर धुरात गार पाणी मिसळायच्या आधी बसवावा लागतो, नाहीतर बुडून मरतो. हिंगण्यात पुन्हा एक तुकडा बनवून घेतला. मोठे जेट टाकले. इथेनॉलनं फुगलेले जुने रबरी पाइप सगळे फेकले. ताकद वाढली म्हणून पंख्याचं पिच १९ वरून २१ केलं, नाहीतर इंजिन मोकळंच भणभणलं असतं. बोटीचं बूड खरवडून घासलं, हे सगळ्यात स्वस्त हॉर्सपॉवर!

पावसाळ्यानंतर दुसरी ट्रायल. दोन माणसांत आधी ५२ किलोमीटरचा वेग होता, आता ५९. बस्स, इतकंच. ताकद पाव पटीनं वाढली तरी वेग तेवढा वाढत नाही, पाणी फार भाव खातं. एका किलोमीटरचा भाव काढला तर तुम्ही मला वेड्यात काढाल.

पण मग सहा जण बसलो. मामीसुद्धा, पदर खोचून, सवतीच्या मांडीवर पहिल्यांदा. दादानं मामांना चालवायला दिलं आणि स्वतः मीटरवर डोळे लावून बसला. मामांनी थ्रॉटल पुढे केला. नाक वर गेलं, नेहमीसारखं. मी मनात सात मोजले. आणि नाक खाली आलं. बोट पाण्यावर उचलली गेली.

"आकडा सांग बे," मामा ओरडले.

"बारा. एकदम बरोबर आहे, बाबा."

मामांनी लगेच वेग कमी केला. "बस्स. उद्यासाठी ठेवू थोडं."

मी मुंबईला अजून गेले नाही. डिपॉझिट पुन्हा साठवतेय. पण हिशेबाच्या वहीत आता एक नवीन सवय लावून घेतली आहे. जी गोष्ट परवडत नाही, तिच्यापुढे 'परवडत नाही' असंच लिहायचं. 'आउट ऑफ स्टॉक' लिहायचं नाही. मंडळी, पिस्टन महाग पडतात!