नकटीच्या लग्नाला

जीपगाडीच्या भारतातील जन्मकथेत एक नाव आहे, ते आज फारसे कुणाला आठवत नाही. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. पाटीवरचे मोहम्मद गेले. पण पुढे या गाड्यांखाली पाठीवर झोपून नटबोल्ट आवळणारे कितीतरी मोहम्मद इथलेच होते. आमचे अब्बा त्यांपैकी एक.

अब्बांनी मिरजेत ४५ वर्षे मिस्त्रीकाम केले. याच गावात शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून सतारी घडवल्या. हातात कसब असले की माणूस नव्या काळात तगून जातो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मोटारदुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याची नोंद आहे. पण आता गॅरेजमध्ये गाडी आली की आधी स्कॅनर लावावा लागतो. नुसत्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह वाजतोय हे सांगणाऱ्या माणसाला कुणी विचारीत नाही. अब्बांनी गॅरेजवर येणे हळूहळू बंद केले. घरी बसून ते आपल्या हातांकडे बघत राहायचे. ते पाहूनच आम्ही दोघा भावांनी ठरवले, ज्या गाडीला अब्बांचीच गरज पडेल अशी एक गाडी आणायची.

ती म्हणजे एफसी पिकअप. अमेरिकेत विलीज कंपनीने ती १९५६ मध्ये काढली. पुढे महिंद्राने तिचे उत्पादन इथे केले. ड्रायव्हरची केबिन थेट इंजिनावर, पुढे बॉनेटच नाही. अब्बा तिला नकटी म्हणत. उमेदवारीत त्यांनी पहिले इंजिन उघडले ते नकटीचेच.

हरियाणात, पंजाबच्या हद्दीला टेकलेली मंडी डबवाली जुन्या जीपांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका खेड्यात १९६७ ची नकटी पडून असल्याचे ट्रकवाल्यांकडून कळले. अम्मीने ऐकताच हात जोडले. "पिकअप, उधर का रस्ता और तुम्हारे नाम! नक्को जाव." एप्रिल २०१७ मध्ये राजस्थानात बेहरोरजवळ पिकअपमधून गायी नेणाऱ्या पहलू खान यांना जमावाने मारले, त्यात त्यांचा जीव गेला. ती बातमी अम्मीच्या मनातून गेली नव्हती, आमच्याही नव्हती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, त्यातले हे पहिले. गाडी चालवत आणायची नाही, ट्रकवर चढवून आणायची, या बोलीवर अम्मी कबूल झाली.

गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, पुढे बस. गाडीचे मालक म्हातारे सरदारजी होते. नकटी कापसाच्या गोदामात उभी होती, इंजिन जाम. आम्ही अब्बांना फोन लावला. ते म्हणाले, चॅसिसवर हातोडीने ठोका आणि फोन जवळ धरा. आम्ही पुढून मागे ठोकत गेलो. मागच्या स्प्रिंगपाशी आल्यावर ते म्हणाले, "यहाँ सडा है. लोखंड झूट नै बोलता, बेटा." खरवडून पाहिले तर पत्रा भुसभुशीत. प्लगच्या भोकांतून तेल सोडून रात्रभर ठेवायलाही त्यांनीच सांगितले. सकाळी हँडल मारले, इंजिन पाव फेरा हलले.

चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, छाप आरसी बुकाशी जुळली. सरदारजींनी भंगारापेक्षा थोडाच जास्त भाव सांगितला आणि एक अट घातली, तोडून विकायची नाही. तासगावची द्राक्षे घेऊन भटिंड्याला आलेला ट्रक रिकामा परतणार होता. त्याच्या परतीच्या भाड्यात नकटी मिरजेला आली.

आता तिचे इंजिन सुटे करून मांडले आहे. यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. आमच्यातल्या थोरल्याची मुलगी डिप्लोमा करते; तिने असे इंजिन यापूर्वी पाहिले नव्हते. अब्बा स्टुलावर बसून तिच्याकडून एकेक व्हॉल्व्ह घासून घेतात. काम पसंत पडले नाही तर बोलत नाहीत, व्हॉल्व्ह परत तिच्या हातात ठेवतात.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २० हजार रुपयांना. मात्र ती रोज रस्त्यावर आणता येत नाही, भाडे तर मारताच येत नाही. एनओसी, तपासणी, सुटे भाग, सगळे अजून बाकी आहे. शेजारी विचारतात, मग यात कमाई काय? आम्ही काय सांगणार! सकाळी नऊ वाजले की अब्बा अम्मीकडे डबा मागतात. उरलेल्या विघ्नांची यादी नातीने खडूने भिंतीवर लिहिली आहे. त्यातली चार अब्बांनी स्वतःच्या हाताने खोडली.