जुना पत्ता

२०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ बिऱ्हाडांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांत माझ्या धाकट्या भावाचेही बिऱ्हाड होते. त्या ४० मजली इमारतीत मी गृहप्रवेशाला गेलो खरा. पण माझी नजर राहून राहून खिडकीतून खाली, अजून उभ्या असलेल्या चाळींकडे जात होती. मन उदास झाले होते, आणि त्या उदासपणाचा मला थोडासा अभिमानही वाटत होता, हे कबूल केलेले बरे.

या चाळी मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो. अर्थात् हे दिवसापुरते. रात्री आम्हां भावांची अंथरुणे गॅलरीत पडत. पहाटे गिरणीच्या भोंग्याने वडील उठत आणि त्यांच्यामागून सारी चाळ. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील मात्र त्याच वेळी उठत, चहा पीत आणि कठड्यापाशी उभे राहत. वर्ष उलटले, तरी त्यांना कामावर बोलावणे आले नाही. हळूहळू चाळीलाही तशीच अवकळा आली. भिंतींतून पिंपळ फुटले, छताचा गिलावा कोसळू लागला, आणि ज्यांना जमले ते उपनगरांत निघून गेले.

मीही गेलो. किंबहुना मनाने त्याआधीच गेलो होतो. कॉलेजात कोणी पत्ता विचारला, की मी नुसते ‘वरळी’ म्हणून थांबत असे. ऐकणाराच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राही, आणि मी तो तसाच राहू देई.

जेवताना मी म्हणालो, ‘‘घर ५०० चौरस फुटांचे झाले, पण शेजार गेला. इथे सगळी दारे बंद!’’

भावजय वाढता वाढता थांबली. ‘‘भावोजी, लग्न झाल्यापासून मजल्यावरच्या संडासापुढे रांगेत उभी राहिले मी. दार लावून घेता येतं, याचंच मला अप्रूप आहे.’’

मी मुकाट्याने पुढचा घास घेतला. रांगेत उभे राहणे मी कधीच सोडले होते. गहिवर तेवढा राखून ठेवला होता.

निघताना पुतण्या कसलासा अर्ज भरीत होता. इमारत नवी, मजला नवा. तरी शेवटी त्याने ठळक अक्षरांत ‘बीडीडी चाळ’ असे लिहिले. मला भरून आले. का लिहिलेस, म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘‘काका, नाही तर पोस्टमनला घर सापडत नाही.’’