घोंगडीवरची झोप

वडगाव हे विणकरांचे. येथल्या मागांवर साड्या विणल्या जातात. पण निजायला मला सणगराने विणलेली काळी घोंगडीच लागते. बेळगावचा पाऊस एकदा लागला की कापसाची गादी ओल धरते व अंगाला गार लागते. लोकरीचा धर्म निराळा. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेऊनही ती ओली भासत नाही. उलट ते शोषताना किंचित ऊबच देते. म्हणून घोंगडीवर घाम साचत नाही आणि झोप मोडत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. त्यात चिंचोक्याची खळ, तेव्हा नवी घोंगडी बोचते खरी. तिच्यावर जुने धोतर अंथरावे, म्हणजे झाले.

माझी घोंगडी वडिलांची. दावा हरल्याच्या रात्रीही तिच्यावर डोळा लागतो. पण आज पुष्कळ धनगरांना लोकरीचे मोल कातरणीच्या मजुरीइतकेही मिळत नाही. लोकर फेकली जाते, मेंढ्या मांसापुरत्या पाळल्या जातात. वडिलांची घोंगडी विरेल, तेव्हा दुसरी विणणारा सणगर भेटावा, एवढीच माझी मागणी आहे.