बावन्न चौतीस

फुलं हवी असतील तर स्फुरद वाढवा, असं मी बरीच वर्षं मानत आले. गच्चीवर मातीविना झाडं लावू पाहणाऱ्या कितीतरी मैत्रिणींना मी ते ठामपणे सांगितलंही आहे. रोपाला कळी दिसली की द्रावण बदलायचं, नत्र उतरवायचं आणि झिरो बावन्न चौतीस हे स्फुरदाचं खत चढवायचं. आज मला हे पटत नाही. मत का बदललं ते मांडणं मला गरजेचं वाटतं, कारण माझ्या सांगण्यावरून अनेकींच्या बादल्यांमध्ये अजूनही तेच पडत असेल.

ही श्रद्धा घरातून आली. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेचं. वाढीला नत्र, मुळाला-फुलाला स्फुरद, फळाला पालाश, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ असायचं. विद्राव्य खतांच्या पिशव्या आल्या तेव्हा त्यांची नावंही आकड्यांवरूनच पडली. एकोणीस एकोणीस, बारा एकसष्ट, तेरा पंचेचाळीस, बावन्न चौतीस. छाटणी झाली की कोणती पिशवी कधी फोडायची, याचं वेळापत्रक बाग बघणाऱ्या अण्णांच्या डोक्यात पक्कं होतं. ते बघत मी वाढले. पुण्यात फ्लॅटच्या गच्चीवर पिटुनिया आणि जर्बेरा बादलीत लावायला लागले, तेव्हा तेच वेळापत्रक मी पाण्यात आणलं.

घरी द्रावण बनवायला लागले त्याचं कारण साधं होतं. ‘वाढीसाठी’ आणि ‘फुलोऱ्यासाठी’ अशा दोन बाटल्यांमध्ये मिळणारी तयार द्रावणं महाग पडत होती, आणि त्यांच्यात जे क्षार असतात ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात किलोवर मिळतात. ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. शोल्टो डग्लस यांनी 1946 मध्ये तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिंपाँगला बिनमातीच्या शेतीचे प्रयोग सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘बंगाल पद्धती’चा सगळा भर सामान्य माणसाला सहज मिळणाऱ्या, स्वस्त साहित्यावर होता. ती परंपरा मला फार जवळची वाटते.

माझं आजचं मिश्रण असं आहे. वीस लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 16 ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे तेरा पंचेचाळीस 8 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 8 ग्रॅम, पालाशाचं झिरो झिरो पन्नास 2 ग्रॅम आणि बावन्न चौतीस फक्त 3 ग्रॅम. चिलेटेड लोह, म्हणजे आयर्न ईडीटीए, पाव ते अर्धा ग्रॅम. बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं अगदी चिमूटभर. फवारणीसाठी मिळणारं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण मी इथे जपून वापरते. त्यात जस्त जवळजवळ लोहाइतकंच असतं, आणि पाण्यातल्या मुळांना लोह जस्ताच्या कितीतरी पट लागतं. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे मी आधीही सांगत होते आणि आजही सांगते.

घट्ट द्रावण आधी करून ठेवायचं असेल तर दोन डबे लागतात. कॅल्शियम एका डब्यात, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्यात. दोन्ही घट्ट स्वरूपात एकत्र आली तर दुधात लिंबू पडावं तसं पाणी फाटतं आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. झाडासाठी मोजून टाकलेलं अन्नच ते, पण आता मुळाच्या कामाचं नाही. भरपूर पाण्यात एकेक करून विरघळवलं तर हे होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. आधीच्या पद्धतीत फुलोऱ्याला मी लिटरमागे एक ग्रॅम बावन्न चौतीस घालत असे. शेतात फवारणीला याहून जास्त वापरतात, म्हणून मला तो डोस सौम्यच वाटायचा. मग एकदा शांतपणे हिशेब मांडला. पिशवीवरचा 52 हा आकडा शुद्ध स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, नसतो, तो त्याच्या ऑक्साइडचा असतो. प्रत्यक्ष फॉस्फरस भरतो सुमारे 22.7 टक्के. म्हणजे एका ग्रॅमातून लिटरला 227 मिलिग्रॅम. शेजारी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांच्या द्रावणाचे आकडे ठेवले. त्यांची पुस्तिका 1938 ची, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही तिला प्रमाण मानतात. त्यात नत्र 210, पालाश 235 आणि फॉस्फरस फक्त 31 मिलिग्रॅम. मी त्याच्या सातपट देत होते. शिवाय होगलंडचं द्रावणच सढळ हाताचं आहे. कुंडीतल्या अनेक फुलझाडांना लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम फॉस्फरस पुरतो, असं अमेरिकेतल्या पुष्पशेतीच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे.

आकड्यांनी मन हललं, पण पूर्ण वळलं ते पिटुनियामुळे. पिटुनिया लोहाच्या बाबतीत फार हळवं झाड. पाण्याचा पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या सोसायटीत नळाच्या पाण्याला बोअरची जोड आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेलं ते पाणी बायकार्बोनेटने भरलेलं, पीएच वर ओढणारं. त्यात वरून फॉस्फरसचा भडिमार. जास्तीचा फॉस्फरस लोह आणि जस्ताच्या आड येतो. म्हणजे फुलासाठी म्हणून जे मी देत होते, त्यानेच पानाची ताकद जात होती, आणि पान खंगलं की फूल कुठून येणार? मी दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत बावन्न चौतीस वाढवलं, दुसरीत साधं द्रावण शेवटपर्यंत तसंच ठेवलं. फुलं दोन्हीकडे सारखीच आली. साध्या बादलीतली पानं मात्र हिरवीगार राहिली. दोन बादल्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं. पण मी ज्याची खात्री देत होते, तो फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही.

मग प्रश्न उरला तो असा की फॉस्फरस झाडात करतो तरी काय. तो ऊर्जेच्या देवाणघेवाणीत आहे, जनुकांच्या साखळीत आहे, पेशींच्या पडद्यात आहे. म्हणजे मुळापासून पाकळीपर्यंत सगळीकडे आहे, आणि सगळीकडे थोडाच आहे. झाडाच्या कोरड्या वजनात नत्र आणि पालाश काही टक्क्यांनी मोजतात, फॉस्फरस अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. तो कमी पडला तर रोप खुरटतं, फुलंही घटतात, हे अगदी खरं. पण गरज भागल्यावर जास्त दिला म्हणून झाड जास्त फुलत नाही.

झाडाला फुलायला लावणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा बादलीच्या बाहेर असतात. शेवंतीचंच बघा. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या दोन संशोधकांनी 1920 मध्ये दाखवून दिलं की काही झाडं दिवसाची लांबी बघून फुलतात. शेवंती त्यातलीच, लहान दिवसांची. पुण्यात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांवर येतो. दिवस लहान होत गेले की शेवंती कळ्या धरते. पॉलिहाऊसमधले शेतकरी रात्री दिवे लावून तिला हवी तितकी वाढवतात आणि मग अंधार देऊन फुलवतात. गच्चीवर रात्रभर ट्यूबलाइट जळत असेल, तर बावन्न चौतीसची अख्खी पिशवी ओतूनही तिला कळी धरवणार नाही. पिटुनिया, झेंडू यांना आधी ऊन हवं, सुकलेली फुलं वेळच्या वेळी खुडायला हवीत. हे सांगायला सोपं आहे, पण यासाठी बाटली विकता येत नाही, आणि माझ्यासारखीला वजनकाटा हाती घेऊन काहीतरी केल्याचं समाधानही मिळत नाही. त्या समाधानाचा मोह मोठा असतो.

हे सगळं अण्णांना सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांच्या आयुष्यभराच्या पाठाला मी खोटं ठरवते आहे असं वाटत होतं. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, माझी जमीन स्फुरद धरून बसते, सोडत नाही. म्हणून मला जास्त द्यावं लागतं. तुझ्या बादलीत धरून ठेवणारं आहे कोण?”

आमच्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात दिलेला बराचसा स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. तो मातीत इंच-दोन इंचसुद्धा सरकत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. तिथे हात सैल सोडणं, फवारणीतून पानावर देणं, याला कारण आहे. पाण्यात ते कारणच नाही. तिथे टाकलेला प्रत्येक मिलिग्रॅम मुळाच्या तोंडाशी उभा असतो. अण्णांचा पाठ त्यांच्या रानात खराच आहे. मी तो माती सोडून उचलला होता.

आणखी एक गोष्ट मला आता डाचते. स्फुरद देणारा खडक आपल्याकडे थोडा आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडाची खाण आहे, पण देशाची बहुतेक गरज आयातीवर भागते, आणि ही विद्राव्य खतंही मुख्यतः बाहेरूनच येतात. बादलीतलं जुनं द्रावण आपण गटारात ओततो, ते पुढे नदीला मिळतं. मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो प्रामुख्याने शहराच्या सांडपाण्यामुळे, हे मान्य. पण त्या पाण्यात जलपर्णीला पोसणारं जे आहे, त्यात फॉस्फरस आहेच. माझ्या गच्चीवरून त्यात भर पडू नये असं मला मनापासून वाटतं. जुनं द्रावण मी आता पाणी मिसळून पातळ करते आणि मातीतल्या कुंड्यांना घालते. मोगरा मी मातीतच ठेवला आहे, त्याला ते चालतं.

फुलोऱ्यात मी काहीच बदलत नाही असं नाही. कळ्या भरायला लागल्या की झिरो झिरो पन्नास थोडं वाढवते, कारण त्या काळात पालाशाची ओढ वाढते असा माझा अनुभव आहे. पीएच साडेपाच ते सहाच्या आसपास आणण्यासाठी फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे थेंब वापरते. आम्ल नेहमी पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. 85 टक्क्यांचं हे आम्ल वीस लिटरच्या बादलीत एक मिलिलिटर पडलं तरी लिटरमागे सुमारे 22 मिलिग्रॅम फॉस्फरस त्यातूनच येतो. तितकं आम्ल लागणारं बोअरचं पाणी असेल, तर तीन ग्रॅम बावन्न चौतीससुद्धा मी निम्म्यावर आणते. आणि कुणी फुलं येत नाहीत म्हणून विचारलं, तर आधी ऊन किती तास पडतं, रात्री दिवा किती वाजता बंद होतो आणि पाण्याचा पीएच किती, ही तीन उत्तरं मागते. द्रावणात काय टाकलं आहे हे त्यानंतर.