तीन माणसांचे तिप्पट पैसे

एका घरातल्या तीन माणसांनी मिळून एक पेज चालवायचं, तर पैसे माणशी का मोजायचे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आमची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशीला माल धाडायची पंचाईत झाली, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या देतो. मग फेसबुक, इन्स्टाग्राम आलंच. जाऊबाई बागेतून फोटो काढतात, मजकूर मी लिहिते, पुण्यातला भाचा लोकांना उत्तरं देतो. त्यानंच हे खूळ काढलं. ‘‘मामी, एक सॉफ्टवेअर घेऊ. रविवारी बसून सगळ्या पोस्ट लावून ठेवायच्या, आठवडाभर आपोआप जातील.’’

फुकटच्या मुदतीत मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? ‘‘आंबा कर्नाटकचा नाही ना?’’ हा प्रश्न कुठूनही आला तरी एकाच ठिकाणी दिसायचा. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं, तरी तो प्रश्न काही थांबलेला नाही.

मुदत संपली आणि आकडा तिप्पट झाला. माणशी दर. त्यातून व्यवहार डॉलरमधला, म्हणजे बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. तिघांचे महिन्याचे पैसे ऐन हंगामातल्या पाच डझनी पेटीएवढे. पुण्यात बसून एक पेटी म्हणजे किरकोळ वाटेल. फवारणी, राखण, तोड, खोका, गाडीभाडं वजा जाता एका पेटीत काय उरतं, ते ज्याच्या हाताला चीक लागलाय त्याला विचारा.

मग एकाच माणसाचे पैसे भरले आणि तिघांनी एकच पासवर्ड वापरला. नियमात बसत नसेल, नसो. आमच्या घरी गॅसचं पुस्तकही एकच आहे.

अक्षय तृतीयेच्या आधीचा आठवडा. वर्षाची निम्मी कमाई ठरवणारे दिवस. पुण्याहून भाच्यानं उघडलं, इकडून मी उघडलं आणि कंपनीला संशय आला. ओटीपी मागितला. तो जायचा जाऊबाईंच्या फोनवर आणि जाऊबाई वरच्या कातळावर, तिथे रेंज नाही. मी गड्याला धाडलं. तो पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा मागितला. आता जाऊबाई फोन हातात धरून खाली निघाल्या, वाटेत तोडणीवाल्यांनी थांबवलं. घरी आल्या तेव्हा म्हणतात, ‘‘ओटीपी इलो हा, पन माका आत्ता दिसलो.’’ तोवर खातं बंद. भाच्यानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं रात्री, इंग्रजीत, फार गोड: आपली अडचण आम्ही समजतो, आणखी दोन वापरकर्ते जोडल्यास ती येणार नाही. म्हणजे गळा धरायचा आणि वर खोकल्याचं औषध विकायचं! लावून ठेवलेल्या पोस्ट जात होत्या, पण आत शिरून एक अक्षर बदलता येईना. तयार माल निघायला दोन दिवस उशीर होता आणि पेजवर ‘आजच मागवा’ झळकत होतं. लोक मागवत होते. मी एकेकाला फोन करून माफी मागत होते.

त्या रागात मी सगळं तपासलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर वेळ लावून पोस्ट टाकायची सोय मेटाच्या बिझनेस सूटमध्ये फुकट आहे. बफर नावाच्या अशाच सॉफ्टवेअरचा फुकट प्लॅन तीन खात्यांना पुरतो, दर खात्याला दहा पोस्ट रांगेत ठेवता येतात. हूटसूट या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं मात्र आपला फुकट प्लॅन २०२३ च्या मार्चअखेर बंद केला. इन्स्टाग्रामवरचं गाजतं गाणं लावून रील टाकायची, तर आमच्या विकतच्या सॉफ्टवेअरमधून ती परस्पर जायचीच नाही. ते वेळेला फोन वाजवायचं, आता तुम्ही हातानं टाका म्हणून. गजराचं घड्याळ घरात होतंच. आणि मुख्य म्हणजे आमची ऑर्डर येते व्हॉट्सअॅपवर, त्याला हे सॉफ्टवेअर शिवतही नव्हतं. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं आणि ज्यांनी आपला नंबर जपून ठेवलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून मी पेटीत चिठ्ठी घालते: नंबर सेव्ह करा. सॉफ्टवेअरचे पैसे द्यायचेच झाले तर एक नक्की करा, पैसे कापण्याच्या निदान एक दिवस आधी बँकेचा मेसेज येतो, तो ओटीपींच्या गर्दीत हरवू देऊ नका.

इतकं बोलून सांगते, गेल्या एप्रिलमध्ये मी तेच सॉफ्टवेअर पुन्हा घेतलं. एकाच माणसाचं, महिन्याच्या बोलीवर. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट जाते, टॉवर जातो, भाचा परीक्षेत असतो आणि शंभर ठिकाणी विचारलेलं एका ठिकाणी बघायची सवय लागली की सुटत नाही. फुकटातही बरंचसं होतं, हे मला माहीत आहे. तरी घेतलं.

आता भाचा म्हणतो, वर्षाचे एकदम भरले तर महिन्याला स्वस्त पडतं. आंबा अडीच महिने, पैसे बारा महिन्यांचे, मग स्वस्त कसं रे? तो म्हणतो, पावसाळ्यात कोकम आणि आंबापोळी विकू. जाऊबाईंना ते पटलंय.