४८ मतं

४ जून २०२४ विसरता येत नाही. गोरेगावच्या नेस्कोबाहेर सकाळपासून उभा होतो. विद्यमान खासदार गजानन कीर्तिकर शिंदेंकडे, त्यांचाच मुलगा अमोल ठाकरेंचा उमेदवार, समोर रवींद्र वायकर. संध्याकाळी 'अमोल जिंकले' असं टाकून मी मोकळा. घाई, दुसरं काय!

यंत्रांच्या मतांत अमोल फक्त १ ने पुढे होते. टपाली मतं वायकरांना १,५५०, अमोलना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार. नोटालाच १५,१६१!

पोस्ट काढली, माफी मागितली. रात्री घरी पोचलो तर बायको गप्प. २० मेला, मतदानाच्या सोमवारी, मी ड्युटीवर होतो आणि आमच्या घरची तीन मतं कोकणात. तिकिटं मीच काढून दिली होती.